दिव्याचा पल्ला आणि गाडीचा वेग

सप्टेंबर २०२५ मध्ये एका रात्री छत्रपती संभाजीनगरजवळ समृद्धी महामार्गावर काही मोटारींचे टायर फुटले. रस्त्यात खिळे ठोकल्याची बातमी पसरली. प्रत्यक्षात त्या भेगांत इपॉक्सी भरण्यासाठी बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या होत्या. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. पण रात्री अशी वस्तू दिसूनही गाडी वेळेवर का थांबत नाही?

हिशेब करून पाहू. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. वस्तू दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. नंतर कोरड्या रस्त्यावरही थांबायला सुमारे ७९ मीटर लागतात. एकूण ११२ मीटर! खाली वळवलेल्या दिव्यांचा उजेड मात्र सुमारे ५० मीटरच पोचतो. वेग निम्मा केला, तर १७ आणि २० मिळून ३७ मीटर पुरतात; कारण वेग निम्मा झाला की ब्रेकचे अंतर चौथाई होते.

सायकलस्वारालाही हाच नियम लागू आहे. वाटेत वाळू, खडी की उसाचे कांडे पडले आहे, हे आधी कळत नाही. म्हणून उजेड पोचतो तेवढ्या अंतरात थांबता येईल, इतकाच वेग ठेवावा.