तबकडीवरील उजेड

आषाढ लागला म्हणजे पेण शहरांतून आणि जवळच्या हमरापूर, जोहे या गांवांतून गणपतीच्या मूर्ति बाहेरगांवीं निघूं लागतात. पेंढ्यांत नीट बसविलेल्या मूर्तींनीं मालमोटार भरते आणि भर पावसांत मुंबईचा किंवा पुण्याचा रस्ता धरते. शहरांतल्या घरीं चतुर्थीस मूर्ति चौरंगावर बसते, तेव्हां ती एखाद्या अंधाऱ्या रात्रीं कोणा चालकाच्या भरंवशावर आली असेल, याची आठवण सहसा कोणास होत नाहीं.

मोटार जुनी असली तर त्या चालकापुढें एक अडचण असते. मोठ्या दिव्यांच्या उजेडांत पुढचा रस्ता दिसतो, परंतु स्वतःच्या मोटारीची प्रकृति मात्र दिसत नाहीं. डॅशबोर्डावरील तबकड्या इतक्या मंद झालेल्या असतात कीं कांटा कोठें आहे हें पाहण्यासाठीं त्याला पुढें वाकावें लागतें. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत सुमारे १४ मीटर पुढें जाते. दोन सेकंद नजर खालीं राहिली, तर तेवढ्या वेळांत अठ्ठावीस मीटर रस्ता न पाहतां ओलांडला जातो.

या तबकड्या म्हणजे मोटारीची नाडी होय. एक कांटा वेग सांगतो. दुसरा एंजिनांत तेलाचा दाब पुरेसा आहे कीं नाहीं हें सांगतो. तिसरा पाणी तापल्याची सूचना देतो. ज्या मोटारीचे ब्रेक हवेच्या दाबानें चालतात, तिच्यांत हवेच्या दाबाचा कांटा सर्वांत महत्त्वाचा. पेणहून वडखळ, नागोठणें करीत भिसे खिंडीनें रोह्यास उतरतांना ब्रेक पुन्हां पुन्हां दाबावा लागतो, आणि प्रत्येक वेळीं सांठलेली हवा थोडी थोडी खर्च होते. रोह्याजवळ धाटाव येथें रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. तेथील माल घेऊन निघणाऱ्या चालकास तो कांटा अंधारांतही दिसला पाहिजे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं वेगमापक आवश्यक ठरविला आहे. परंतु रात्रीं वाचतां न येणारा वेगमापक असून नसल्यासारखाच.

तबकड्या मंद होण्याचीं कारणें मुख्यतः तीन. पहिलें कारण बल्ब. त्यांतील टंगस्टनची तार तापून प्रकाश देते, त्या वेळीं तिचे सूक्ष्म कण उडून कांचेच्या आंतल्या बाजूस बसतात आणि कांच काळवंडते. दुसरें कारण विजेचा मार्ग. मोटारींत प्रत्येक दिव्यास परतीची स्वतंत्र तार क्वचितच असते. प्रवाह मोटारीच्या लोखंडी सांगाड्यांतूनच बॅटरीकडे परत जातो. कारागीर यासच ‘अर्थ’ म्हणतात. पेणच्या परिसरांत खाड्या आणि मिठागरें आहेत, आणि वर्षाचा पाऊस ३००० मिलिमीटरांच्या आसपास पडतो. अशा खाऱ्या, ओल्या हवेंत बल्बच्या पितळी होल्डरांवर हिरवट थर चढतो, अर्थच्या स्क्रूखालीं गंज धरतो आणि प्रवाहास अडथळा होतो. तिसरें कारण तबकडीमागील पेटी. बल्बचा उजेड पेटीच्या आंतील पांढऱ्या रंगावरून परावृत्त होऊन आंकड्यांवर पडतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनें तो रंग पिवळा पडतो आणि धूळ उरलासुरला उजेड गिळते.

यांपैकीं दुसऱ्या कारणाकडे बहुधा लक्ष जात नाहीं. म्हणून त्याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. १२ व्होल्टांच्या मोटारींत ३ वॉटचे सहा बल्ब आहेत आणि त्यांच्या समाईक अर्थच्या सांध्यांत केवळ एक ओहमचा अडथळा आहे, असें धरावें. त्या एका सांध्यांतच सव्वा व्होल्टाहून अधिक दाब खर्ची पडतो आणि बल्बांना पावणेअकरा व्होल्टही मिळत नाहींत. आतां तारेच्या बल्बाचा असा धर्म आहे कीं दाब एक दशांश कमी झाला तर प्रकाश जवळजवळ तीन दशांश कमी होतो. म्हणजे या उदाहरणांत सुमारें तृतीयांश उजेड सांध्यांतच बुडतो, आणि दोष मात्र बल्बाच्या माथीं जातो.

अशा वेळीं कित्येक जण ३ वॉटच्या जागीं ५ वॉटचे बल्ब लावतात. उजेड थोडा वाढतो, नाहीं असें नाहीं. पण प्रवाह वाढल्यामुळें त्याच सांध्यावर आतां दोन व्होल्ट खर्च होतात आणि तेथील उष्णता दुपटीहून अधिक होते. होल्डराचें प्लास्टिक मऊ पडतें आणि पांढरा रंग पूर्वीपेक्षां लवकर करपतो. त्यांत फ्यूज वारंवार उडतो म्हणून कोणी मोठ्या क्षमतेचा फ्यूज घातला, तर तार तापून आगीचें भय उत्पन्न होतें.

योग्य क्रम असा. प्रथम तबकड्यांचे दिवे लावून, बॅटरीच्या ऋण टोकापासून घेतलेल्या एका जाड तारेचें दुसरें टोक तबकड्यांच्या अर्थच्या जागीं टेकवावें. त्याच क्षणीं उजेड वाढला तर दोष अर्थमध्यें आहे, हें निश्चित समजावें. नंतर बॅटरीची ऋण तार सोडवून मगच कामास हात घालावा. जुन्या बल्बावरील अक्षरें वाचून मोटार १२ व्होल्टांची आहे कीं २४ व्होल्टांची, हें ठरवावें. मालमोटारी दोन्ही प्रकारच्या असतात. बल्बाचे होल्डर सामान्यतः तबकडीच्या मागून ओढून किंवा फिरवून निघतात. कांहीं जुन्या मोटारींत तेलाची अगर हवेची बारीक नळी थेट तबकडींत आलेली असते. तिला ताण बसूं देऊं नये.

होल्डराची आंतली बाजू आणि अर्थची जागा बारीक पॉलिश कागदानें घांसून धातू चकचकीत दिसेपर्यंत साफ करावी, स्क्रू घट्ट आवळावा आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा, म्हणजे ओल शिरत नाहीं. उजेड कमीअधिक करणारी गोल कळ असल्यास ती वीसपंचवीस वेळां पुरती मागेंपुढें फिरवावी. तिच्या तारेवरील मळ त्या घर्षणानें निघून जातो. पेटी उघडून आंत पांढरा रंग देणें हें मात्र मीटर दुरुस्त करणाऱ्या कारागिरावर सोंपवावें, कारण कांटा जरासा वांकला तरी तो खोटें सांगूं लागतो. सरतेशेवटीं मूळच्याच वॉटचे नवे बल्ब सर्व एकाच वेळीं बसवावे.

हल्लीं अशा बल्बांच्या जागीं एलईडी दिवे बसविण्याची चाल पडली आहे. त्यांना वीज थोडी लागते, ते फारसे तापत नाहींत आणि रस्त्यावरील धक्क्यांनीं त्यांची तार तुटण्याचा प्रश्नच नसतो. पण त्यांचे नियम निराळे आहेत. ते उलटे बसले तर बहुधा लागत नाहींत. तेव्हां काढून फिरवून बसवावे. पुष्कळांचा उजेड एकाच दिशेस जातो आणि आंकडे अर्धे उजळ, अर्धे काळे दिसतात. म्हणून चहूंकडे प्रकाश देणारा प्रकार निवडावा. जुन्या कळीनें त्यांचा उजेड नीट कमी होत नाहीं. चार्जिंगच्या तांबड्या दिव्याला तर हातच लावूं नये. पुष्कळ मोटारींत या बल्बांतून जाणाऱ्या प्रवाहानेंच आल्टरनेटरला आरंभींचें चुंबकत्व मिळतें. तेथें एलईडी बसविला तर तो प्रवाह इतका क्षीण होतो कीं बॅटरी भरणें सुरूच न होण्याचा संभव असतो, आणि मोटार वाटेंत बंद पडते.

उजेड किती असावा, हा शेवटचा प्रश्न. अंधारास सरावलेल्या डोळ्यांना पूर्ण सराव होण्यास वीसतीस मिनिटें लागतात. तबकडीचा झगझगीत पांढरा किंवा निळा प्रकाश तो सराव क्षणांत मोडतो. शिवाय त्याचें प्रतिबिंब पुढच्या कांचेंत पडून रस्त्यावरचा माणूस दिसेनासा होतो. आंकडे एका नजरेंत वाचतां यावे, याहून अधिक उजेड नको. मंद पिवळसर प्रकाश या कामीं बरा. चालकाच्या वयाचाही विचार करावा. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशींतल्या माणसाच्या मानानें सुमारें तृतीयांशच प्रकाश पोंचतो. सर्व दुरुस्ती करूनही तबकडी अंधुक दिसली, तर चालकानें नेत्रवैद्याकडे जावें.

हें सारें काम एका दुपारचें आहे आणि त्यास खर्चही फार नाहीं. वैशाखांत, मूर्तींची घाई सुरू होण्यापूर्वीं, तें उरकलेलें बरें. मूर्ति आणण्यासाठीं मोटार ठरविणारीं मंडळें आणि कुटुंबें भाडें विचारतात, ताडपत्री आहे कीं नाहीं हें पाहतात. त्यांपैकीं कोणीतरी तिन्हीसांजेनंतर क्षणभर चालकाच्या जागेवर बसून तबकड्यांचे दिवे लावून पाहावे. कांटे न वांकतां वाचतां आले नाहींत, तर निघण्यापूर्वीं दुरुस्ती करून घेण्याविषयीं चालकास आग्रह करावा.