एक वूमन, अनेक विमिन

नववीच्या वर्गात एक मुलगी इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचत होती. 'विमिन' हा शब्द तिने 'वुमेन' असा वाचला आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. त्यानंतर महिनाभर तिने वर्गात हात वर केला नाही. पालकसभेला तिच्या अम्मी आल्या. स्वतः उर्दू सातवीपर्यंत शिकलेल्या. म्हणाल्या, "सर, पोरगी घरी इंग्रजीचं पुस्तक उघडतच नाही. आम्ही तिला काय सांगणार?"

खरे तर पोरीचा दोष थोडा, शब्दाचाच जास्त. 'वूमन'चे अनेकवचन लिहिताना शेवटचा 'ए' जाऊन 'ई' येतो, पण उच्चार ठळकपणे बदलतो तो सुरुवातीचा! लिहिण्यात बदल एकीकडे, बोलण्यात दुसरीकडे. असा शब्द वाचून कळत नाही, ऐकूनच कळतो.

अम्मींना आम्ही म्हटले, अनेकवचनाचा घोळ आपल्या घरातही आहेच. किताबचे कुतुब, मसजिदचे मसाजिद, आलिमचे उलमा. इथे शेवटी काही चिकटत नाही, शब्द आतूनच बदलतो. इंग्रजीतले मॅन-मेन, फुट-फीट, माउस-माइस हे त्याच चालीचे वाटतात. मराठीत एक उंदीर, दहा उंदीर. तसेच इंग्रजीत एक शीप, दहा शीप. आणि 'अखबार' हे मुळात 'खबर'चे अनेकवचन, मराठीतला 'अहवाल' हे 'हाल'चे. आज दोन्ही आपण बिनधास्त एकवचनी वापरतो. इंग्रजांनीही लॅटिनमधल्या 'अजेंडा'चे हेच केले.

आता साध्या 'एस'कडे येऊ, कारण मुले सर्वांत जास्त तिथेच अडखळतात. लिहायला एकच अक्षर, उच्चार मात्र तीन. दोन बोटे गळ्यावर ठेवा आणि शब्दाचा फक्त शेवटचा ध्वनी काढा. 'बुक'चा क्, 'कॅट'चा ट्, 'कप'चा प् म्हणताना गळा थरथरत नाही, म्हणून बुक्स, कॅट्स, कप्स. 'डॉग'चा ग्, 'पेन'चा न्, 'गर्ल'चा ल् थरथरतो, म्हणून डॉग्ज़, पेन्ज़, गर्ल्ज़. शेवटी स, ज़, श, च, ज असे ध्वनी असतील तर आणखी एक अवयव वाढतो: बसिज़, डिशिज़, वॉचिज़. ज़ म्हणायला आपल्या मुलांना अवघड जाऊ नये. उर्दूत ज़ाल, ज़े, ज़ाद, ज़ोय अशी चार अक्षरे त्या एका आवाजासाठी आहेत!

'नाइफ'चे नाइव्ज़, 'लीफ'चे लीव्ज़, 'थीफ'चे थीव्ज़. पण 'रूफ'चे रूफ्स आणि 'चीफ'चे चीफ्स. इथे पाठांतराशिवाय इलाज नाही. मदर-इन-लॉ एकाहून जास्त असतील तर 'एस' मदरला लागतो, मदर्ज़-इन-लॉ. मराठीत नुसते सासवा म्हटले की काम झाले.

गणितात आणखी एक गंमत आहे. आलेखाचा अक्ष 'ऍक्सिस', दोन अक्ष 'ऍक्सीज़', शेवटची ई लांब. कुऱ्हाडी म्हणजे 'ऍक्सिज़', ई आखूड. लिहायला दोन्ही अगदी सारखे. 'क्रायसिस'चे 'क्रायसीज़'ही तसेच, लांब ई घेऊन. 'रेडियस'चे 'रेडिआय' होते, ते दहावीच्या मुलांनी वर्तुळाच्या धड्याआधीच तोंडात बसवून घ्यावे. फर्निचर, इन्फर्मेशन, ॲडव्हाइस यांना मात्र 'एस' मुळीच लावू नये. 'फर्निचर्स' असे दुकानाच्या पाटीवर दिसले तरी लावू नये.

अम्मींनी घरी एक खेळ सुरू केला. रोटी लाटता लाटता त्या एक वस्तू उचलून दाखवत, मुलगी तिचे अनेकवचन म्हणे. शंका आली की अब्बांच्या मोबाईलवर डिक्शनरी उघडून स्पीकरच्या खुणेवर बोट ठेवायचे आणि दोघींनी मिळून ऐकायचे. चमचे, चाकू, डिश झाल्या, मग खिडकीबाहेरची घरे आली.

पुढच्या महिन्यात आम्ही फळ्याजवळ 'हाऊसेस' म्हणालो आणि तिसऱ्या बाकावरून एक हात वर आला. "सर, हाऊसेस नाही. हाउज़िज़. एकवचनात स आहे, पण अनेकवचनात तोही ज़ होतो."

वर्ग पुन्हा हसला, या वेळी आम्हाला. आम्ही गेली वीस वर्षे हाऊसेसच शिकवत आलो होतो.