अडगळीतला टीव्ही आणि संगणकाचा दुसरा पडदा

माजरी हे चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातले कोळसा खाणींचे गाव. समजा, तिथल्या एखाद्या शाळेच्या अडगळीच्या खोलीत फुगीर काचेचा जुना टीव्ही पडून आहे. वर्गात संगणक एकच, मुले चाळीस. मागे बसणाऱ्यांना काहीच दिसत नाही. मग हा टीव्ही संगणकाला जोडला तर?

कल्पना नवी नाही. १९८४ साली भारतात सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पात शाळांना बीबीसी सूक्ष्मसंगणक दिले गेले. ते साध्या टीव्हीला जोडता येत. मात्र टीव्हीवर एका ओळीत ४० अक्षरेच नीट वाचता येत. ८० अक्षरे घेतली की ती धूसर होत. असे का?

आपण हिशोब करून पाहू. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीवर चित्राची एक ओळ सुमारे ५२ मायक्रोसेकंदांत रेखाटली जाते. चित्राच्या संदेशात सेकंदाला जास्तीत जास्त ५० लाख चढउतार मावतात. म्हणजे एका ओळीत २६० चढउतार. प्रत्येकात एक उजळ आणि एक काळा ठिपका धरला, तर ५२० ठिपके झाले. एका अक्षराला आडवे ८ ठिपके लागतात, तेव्हा ८० अक्षरांना ६४० हवेत. ते मावणार कसे? मराठीत तर ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच दिसू लागतात, अनुस्वार पुसला जातो.

दुसरी अडचण वेगाची. हा टीव्ही सेकंदाला १५,६२५ ओळी रेखाटतो. १९८७ नंतरचे व्हीजीए संगणक सुमारे ३१,५०० ओळी पाठवत. म्हणून मध्ये रूपांतरक लागतो; पण धूसरपणा त्यानेही जात नाही. खाणीच्या गावात आणखी एक गोष्ट दिसेल. काचेवरील स्थिर विद्युतभारामुळे धूळ तिथे ओढली जाते. ती बाहेरून पुसावी. मागचे झाकण मात्र कधीही उघडू नये. आत हजारो व्होल्टचा दाब असतो आणि संच बंद केल्यावरही तो टिकू शकतो.

एचडीएमआय जोडणीचा सपाट टीव्ही असेल, तर हे दोन्ही प्रश्न सुटतात. चित्राच्या कडा कापल्या गेल्यास टीव्हीच्या यादीत चित्राचा आकार बदलावा. विंडोज संगणकावर विंडोजची कळ दाबून ‘पी’ दाबले, की पर्याय दिसतात. ‘डुप्लिकेट’ घेतले तर तुमच्या पडद्यावरचे सगळे, अगदी गुणपत्रकसुद्धा, मुलांना दिसेल. ‘एक्स्टेंड’ घेतले तर टिपणे तुमच्यापुढे राहतात आणि आकृती मुलांपुढे.

तरी पडदा मोठा झाला म्हणजे काम झाले, असे नाही. निरोगी डोळ्याला ६ मीटरवरून जेमतेम वाचता येणारे अक्षर सुमारे ९ मिलिमीटर उंच असते. सहज वाचायला त्याच्या तिप्पट, म्हणजे पावणेतीन सेंटिमीटर उंची हवी. ओळींमधील जागा धरून एका ओळीला ५ सेंटिमीटर लागतात. ३२ इंची टीव्हीचा पडदा सुमारे ४० सेंटिमीटर उंच असतो. म्हणजे एका वेळी फार तर आठ ओळी!

करून पाहा: पडद्यावर चार ओळी लिहा, शेवटच्या बाकावर जाऊन बसा आणि वाचा. तुम्हाला वाचताना डोळे बारीक करावे लागले, तर मुलांनाही करावे लागतील.