न लिहिलेले संवाद

सकाळी उठल्यापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत माणूस किती बोलतो, याची मोजदाद कोणी ठेवत नाही. त्या बोलण्यातील फारच थोडा भाग आधी ठरवलेला असतो. शिक्षकांनी अचानक विचारलेला प्रश्न, अवेळी दारात उभा राहिलेला पाहुणा, वाटेत रडताना भेटलेले चुकलेले मूल, यांच्याशी काय बोलावे हे कोणी लिहून देत नाही. अशा प्रसंगी एखाद्याला नेमका शब्द तेथल्या तेथे सुचतो, तर दुसऱ्याला तो घरी पोहोचल्यावर सुचतो. पहिल्याला लोक हजरजबाबी म्हणतात आणि ही जन्मजात देणगी आहे असे समजून विषय सोडून देतात. परंतु ही विद्या पुष्कळ अंशी कमावता येते. महाराष्ट्राच्या लोककलावंतांनी ती पिढ्यान् पिढ्या कमावली आणि तिच्यावर आपला संसार चालवला.

तमाशाचे उदाहरण घ्यावे. पुण्याचे आर्यभूषण नाट्यगृह एके काळी तमाशासाठी प्रसिद्ध होते. ढोलकीवर थाप पडली की प्रथम गणाने गणपतीला वंदन होई. मग गौळण, बतावणी आणि अखेरीस वग असा खेळ रंगत जाई. गण आणि गौळणींची पदे बसवलेली असत, परंतु त्यांच्या मधले पुष्कळसे बोलणे कागदावर नसे. अनेक कलावंतांना लिहितावाचताही येत नव्हते. तरीही समोर बसलेल्या प्रेक्षकांचा रंग पाहून ते बोलत आणि तासन् तास त्यांना हसवत. खेळ फसला तर दुसऱ्या दिवशी तंबूत माणूस फिरकणार नाही आणि चूलही पेटणार नाही, हे त्यांना ठाऊक असे. म्हणून आयत्या वेळी सुचणे ही त्यांच्या दृष्टीने गंमत नव्हती. तो त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न होता.

हे सुचते कसे, ते एका छोट्या संवादावरून ध्यानात येईल. मथुरेच्या बाजाराला गवळणी निघाल्या आहेत. रंगमंचावर ना यमुना आहे, ना माठ. एक गवळण म्हणते, “मावशी, आज माठ फारच जड झाला गं!” यावर मावशीने, “कसला माठ? तुझ्या डोक्यावर तर काहीच नाही,” असे उत्तर दिले, तर प्रेक्षक एकदा हसतील, पण त्याच क्षणी माठ फुटला, मथुरेची वाट बुजली आणि पुढे बोलण्यासारखे काही उरले नाही. आता दुसरे उत्तर पाहा. मावशी म्हणते, “जड होणारच बाई! निम्मे दूध आणि निम्मे यमुनेचे पाणी!” येथे मावशीने माठ मान्य केला, त्याचे वजनही मान्य केले आणि वर आपल्याकडून पाण्याची भर घातली. लगेच गवळणीला वाट मिळते: “हळू बोल मावशी, गिऱ्हाईक ऐकेल!” आता गिऱ्हाईकही खेळात आले. एका वाक्यातून दुसरे आणि दुसऱ्यातून तिसरे, असा संवाद वेलीसारखा वाढू लागतो.

या विद्येचे पहिले सूत्र हेच आहे: सोबत्याने जे दिले ते स्वीकारावे आणि त्यात आपली भर घालावी. स्वीकारणे म्हणजे दुसऱ्याच्या प्रत्येक मताला मान डोलावणे मात्र नव्हे. गवळणीच्या भूमिकेतील नट कृष्णाशी कडाक्याचे भांडण करतो. परंतु समोर कृष्ण आहे आणि त्याने वाट अडवली आहे, ही गोष्ट तो नाकारत नाही. जे घडले ते घडले असे मानून पुढे जाणे, एवढाच या स्वीकाराचा अर्थ आहे.

दुसरे सूत्र ऐकण्याचे आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात गावोगावच्या जत्रांतून रात्रभर दशावतारी नाटके होतात. आरंभी गणपती, सरस्वती आणि संकासुर यांचा प्रवेश होतो आणि नंतर पुराणातील एखादे आख्यान उभे राहते. या नाटकाची लिखित संहिता बहुधा नसते. प्रयोगापूर्वी कथानकाचा सांगाडा ठरतो, कोणी कोणते सोंग घ्यावयाचे ते ठरते आणि कलावंत आपले तोंड आपणच रंगवून उभे राहतात. संवाद मात्र रंगभूमीवरच जन्मतात. राजा काय बोलणार हे राक्षसाला आधी ठाऊक नसते. म्हणून राजा बोलत असताना राक्षसाला आपल्या पुढच्या वाक्याची घोकंपट्टी करून चालत नाही. समोरच्याचा शब्द न् शब्द त्याला कानांत साठवावा लागतो, कारण त्याचे उत्तर त्या शब्दांतच दडलेले असते. एरवी पुष्कळ माणसे दुसऱ्याचे बोलणे संपण्याची केवळ वाट पाहतात. तेवढ्याने ऐकणे होत नाही.

मराठी रंगभूमीचा आरंभही अशाच न लिहिलेल्या संवादांनी झाला. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ हे नाटक केले. त्या काळच्या नाटकांत सूत्रधार पदे गाई आणि त्या पदांच्या अनुरोधाने नट आपापली भाषणे स्वतःच रचून बोलत. पुढे नाटके लिहिली जाऊ लागली. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक प्रसिद्ध झाले आणि १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले. संहितेचे राज्य सुरू झाले, तरी जुनी कला नाहीशी झाली नाही. १९६५ साली आलेल्या वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात दादा कोंडके त्या त्या वेळच्या ताज्या घडामोडींवर आयत्या वेळी टोले मारीत. त्यामुळे एकदा पाहिलेला खेळ पुन्हा पाहावयास गेलेल्या प्रेक्षकालाही काहीतरी नवे ऐकावयास मिळे.

येथे कोणी म्हणेल, “मग तर सोपेच आहे! तयारी न करता जावे आणि मनात येईल ते बोलावे.” हा समज अगदी चुकीचा आहे. दशावतारी नट रामायण, महाभारत आणि पुराणे यांतील कथा लहानपणापासून ऐकतो आणि जुन्या नटांचे बोलणे वर्षानुवर्षे कानांत साठवतो. बतावणी करणाऱ्या सोंगाड्याला गावचा बाजार, शेतीची कामे आणि सासू-सुनांची भांडणे यांची खडान् खडा माहिती असते. विहिरीत पाणी असेल तरच पोहऱ्यात येते. आयत्या वेळी सुचते, ते पूर्वी साठवलेल्यातूनच सुचते. तयारी हे या विद्येचे तिसरे सूत्र होय.

चौथे सूत्र उमदेपणाचे आहे. आपणच हशा मिळवावा, आपणच प्रत्येक वादात जिंकावे, असा हट्ट धरणारा नट खेळ बिघडवतो. चांगला सोंगाड्या सोबत्याला उत्तर देण्याजोगे वाक्य देतो आणि तो अडखळला तर त्याला सावरून घेतो. जगाच्या दुसऱ्या टोकालाही कलावंतांना हाच अनुभव आला. इटलीत सोळाव्या शतकापासून फिरत्या नाटक मंडळ्या केवळ कथानकाच्या सांगाड्यावर खेळ करीत. अमेरिकेत व्हायोला स्पोलिन या बाईंनी मुलांसाठी असे खेळ रचले आणि १९६३ साली त्यांवर पुस्तक लिहिले. त्या खेळांत कोणी एकटा जिंकत नाही. सर्वांनी मिळून प्रसंग उभा करावयाचा असतो.

हीच सूत्रे घरी आणि शाळेत कशी उपयोगी पडतात? समजा, स्नेहसंमेलनात शिवाजी महाराजांचे नाटक चालू आहे. हेर झालेला मुलगा पत्र आणावयाचे विसरला आणि रिकाम्या हाताने दरबारात आला. महाराज विचारतात, “पत्र कोठे आहे?” मुलगा भांबावून आत पळाला तर सभागृहात हशा पिकेल. परंतु तो म्हणाला, “महाराज, वाटेत शत्रूच्या चौक्या होत्या. म्हणून मजकूर पाठ केला आणि पत्र जाळून टाकले,” तर नाटक वाचेल. महाराजांचे काम करणाऱ्या मुलाने, “शाबास! मग मुखानेच सांग,” असे म्हटले, तर ते रंगेलही. विसरणे एकाचे होते. सावरणे दोघांचे झाले. ज्याने आपल्या सोबत्याला अशा वेळी उघडे पाडले नाही, तो खरा मित्र होय.

कधी कधी असा प्रसंग साऱ्या शहरावर येतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचा बांधही टिकला नाही आणि मुठेच्या पुराने पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून धरण सावरून धरण्याची शर्थ केली होती. त्यामुळे ते फुटले तेव्हा उजाडलेले होते आणि असंख्य लोकांना जीव वाचवता आला. पूर ओसरल्यावर शहराचा पाणीपुरवठा बंद पडला होता. तेव्हा जुन्या विहिरी आणि हौद पुन्हा उपयोगी पडले. ज्यांची घरे गेली त्यांना शाळांतून आणि परक्यांच्या घरांतून आसरा मिळाला. अशा दिवसाची तालीम कोणी केलेली नव्हती. संकट नाकारून ते टळले नसते. समोर काय आहे ते पाहणे, हाताशी काय आहे ते ओळखणे आणि शेजाऱ्याला सांभाळून घेणे, हाच त्या दिवशी तरणोपाय होता.

या विद्येलाही मर्यादा आहेत. आगगाडीच्या चालकाने सिग्नलचे नियम पाळावेत आणि औषध देणाऱ्याने मात्रा मोजूनच द्यावी; तेथे आयत्या वेळच्या कल्पनेला जागा नाही. तसेच दुसऱ्याच्या व्यंगावर बोट ठेवून मिळवलेला हशा हा हजरजबाबीपणा नव्हे. गावच्या पाटलालाही चिमटा काढणारा सोंगाड्या प्रेक्षकांना प्रिय होई, तो त्याच्या चिमट्यात विष नसे म्हणून.

पुढच्या वेळी वर्गात एखादा सोबती बोलता बोलता अडखळला, तर त्याला हसणे सोपे आहे. त्याचे शेवटचे वाक्य नीट ऐकावे आणि त्याला पुढचा शब्द सुचेल असा एखादा प्रश्न विचारावा. त्याचे बोलणे पुन्हा सुरू होईल आणि या विद्येचा पहिला धडाही तेथेच गिरवला जाईल.