डीएससी म्हणजे सहीचा फोटो नव्हे!



समजा, भोसरी एमआयडीसीत तुमचं छोटं वर्कशॉप आहे. चाकणच्या कंपनीला तुम्ही जॉबवर्क करून देता आणि बिल ई-मेलने पाठवता. कुणीतरी मध्येच त्यातला बँक खाते क्रमांक बदलला. शिक्का आहे, स्कॅन केलेली सही आहे, पण पैसे गेले भलत्याच खात्यात! कारण स्कॅन केलेली सही हा नुसता फोटो. तो कुणीही कुठेही चिकटवू शकतो.

मग डिजिटल सहीत वेगळं काय होतं?

१. सॉफ्टवेअर तुमच्या फाइलचा गणिती ठसा काढतं. याला 'हॅश' म्हणतात. फाइलमधला एक आकडा बदलला, तरी ठसा पार बदलतो.

२. तुमच्या यूएसबी टोकनमधल्या खासगी किल्लीने त्या ठशावर सही होते. त्यासाठी पिन लागतो.

३. समोरच्याचं सॉफ्टवेअर तुमच्या सार्वजनिक किल्लीने सही तपासतं आणि ठसा पुन्हा काढून बघतं. जुळला नाही, तर समजायचं की फाइलमध्ये फेरफार झालाय.

पण किल्ली तुमचीच कशावरून? त्यासाठी असतं प्रमाणपत्र, म्हणजेच डीएससी. सरकारी परवाना असलेली सर्टिफाइंग ऑथॉरिटी तुमची ओळख तपासूनच ते देते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार या सहीला कायदेशीर मान्यता आहे. 'महाटेंडर्स' पोर्टलवर टेंडर भरायलाही डीएससी लागतं. नवीन घेताना क्लास ३ घ्या. क्लास २ देणं जानेवारी २०२१ पासून बंद झालंय.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. सहीमुळे मजकूर लपत नाही, त्यासाठी एन्क्रिप्शन वेगळं. आणि चोर सही काढून टाकून साधं बिलही पाठवू शकतो. म्हणून ग्राहकाला आधीच सांगून ठेवा, "आमचं बिल डिजिटल सहीशिवाय आलं, तर पैसे टाकण्याआधी फोन करा."

आता सगळ्यात महत्त्वाचं. बरेच जण टोकन आणि पिन दोन्ही कन्सल्टंटकडे ठेवून मोकळे होतात. हे म्हणजे सही केलेलं कोरं चेकबुक देण्यासारखंच! त्याने केलेली सही तुमच्याच नावावर पडते. खासगी किल्ली सांभाळायची जबाबदारी कायद्याच्या कलम ४२ ने तुमच्यावर टाकली आहे. टोकन हरवलं, तर सर्टिफाइंग ऑथॉरिटीला लगेच कळवून प्रमाणपत्र रद्द करून घ्या.

टोकन दुसऱ्याकडे असेल, तर आजच परत आणा आणि पिन बदला. पुढच्या वेळी सही करायची असेल, तेव्हा स्वतः समोर बसा, फाइल वाचा, मगच पिन टाका.