श्रावणमास दक्षिणा: रमण्यापासून बक्षीस समितीपर्यंत

राज्यकर्त्याने धर्मकार्यासाठी केलेला खर्च हा त्याच्या श्रद्धेचा पुरावा मानला जातो. परंतु अठराव्या शतकातील मराठी राज्याच्या श्रावणमास दक्षिणेकडे पाहिले, तर विद्वान कोणाला म्हणावयाचे हे ठरविण्याचा अधिकारही त्या खर्चाबरोबर सत्तेच्या हाती येत असे, हे ध्यानात येते. दक्षिणा म्हणजे मुळात धर्मकृत्याच्या सांगतेसाठी ब्राह्मणाला द्यावयाचे द्रव्य. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावात श्रावण महिन्यात ती मोठ्या प्रमाणावर वाटण्याचा प्रघात पाडला. पुढे १७३१ मध्ये डभईच्या लढाईत पहिल्या बाजीरावाविरुद्ध लढताना खंडेरावांचे पुत्र त्रिंबकराव मारले गेले आणि दाभाडे घराण्याचा जोर ओसरला, तेव्हा सत्तेपाठोपाठ हा प्रघातही पुण्यास आला.

पर्वतीच्या पायथ्याशी भिंतीने वेढलेले एक विस्तीर्ण आवार होते. त्याला रमणा म्हणत. आलेल्या ब्राह्मणांना आधी आत घ्यावयाचे आणि मग दाराशी एकेकाच्या हातावर दक्षिणा ठेवून बाहेर सोडावयाचे, अशी तेथील रीत होती. नावाजलेल्या शास्त्र्यांचा सन्मान मात्र वाड्यात, त्यांची विद्या पारखून, निराळा होत असे. म्हणजे वाडा आणि रमणा या दोन जागांनीच विद्वान आणि सामान्य भिक्षुक यांच्यातील रेघ ओढली होती. तेलंगण, द्रविड देश आणि काशी येथूनही माणसे येत आणि परतताना पेशव्यांची कीर्ती सोबत नेत, जे जातीने ब्राह्मण असलेल्या पण छत्रपतींचे प्रधान म्हणून राज्य चालविणाऱ्या घराण्यास हवेच होते. दक्षिणेच्या वाटपाचे काम पाहणारे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांचे बंधू दक्षिणेसाठी आले असता नाना फडणिसांनी त्यांना अधिक रक्कम सुचविली आणि शास्त्र्यांनी ‘भाऊ म्हणून घरातून देईन, सरकारातून इतरांइतकेच’ अशा अर्थाचे उत्तर दिले, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. ती शास्त्रीबोवांच्या निःस्पृहतेसाठी सांगतात. परंतु शेतकऱ्याच्या साऱ्यावर भरणाऱ्या खजिन्यातून एकाच वर्णाला दान का, हा प्रश्न त्यात कोणी विचारीत नाही.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याच्यापुढे पेच होता: दक्षिणा एकदम बंद केली तर पुण्यातील ब्राह्मणवर्ग बिथरणार, चालू ठेवली तर कंपनीच्या तिजोरीवर भार. त्याने वार्षिक पन्नास हजार रुपयांची रक्कम राखून ठेवली आणि तिच्यातूनच १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली, जिच्यातून पुढे डेक्कन कॉलेज उभे राहिले. धर्मात हात न घालण्याचे धोरण सांगणाऱ्या सरकारने दान आणि अनुदान यांची अशी सांगड घातली, यात चातुर्य होते. धर्मनिष्ठा शोधू नये.

खरी खळबळ उडाली ती १८४९ मध्ये. दक्षिणेचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा, असा अर्ज लोकहितवादींसारख्या सुधारकांनी केला आणि सनातनी पुणे खवळून उठले. त्यांचा राग केवळ पैशासाठी नव्हता. पाठांतराऐवजी लेखन आणि संस्कृताऐवजी मराठी ही पात्रतेची कसोटी ठरली, तर ग्रंथ लिहू शकणारा कोणीही, कोणत्याही जातीचा असो, त्या निधीवर हक्क सांगू शकत होता. सरकारने मागणी अंशतः मानली आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी अस्तित्वात आली.

कसोटी बदलली, पण पारखणारे कितपत बदलले? जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक या कमिटीकडे धाडले. भोळ्या कुणबी जोडप्याला धर्माच्या नावाने लुबाडणारा जोशी आणि शिक्षणाकडे वळणारे ते जोडपे, असा त्याचा विषय. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहामुळे ते नाकारले गेले, असे फुल्यांनीच पुढे नमूद केले आहे. शेतकऱ्याच्या पैशातून चाललेल्या निधीने शेतकऱ्याचीच कैफियत परत पाठविली. ते नाटक छापून वाचकांपुढे आले १९७९ मध्ये.