नवा लोच मासा घरी आणताय? आधी चार आठवडे वेगळा ठेवा

ईद झाली की ईदीचे पैसे मुलांच्या हातात खुळखुळू लागतात, आणि त्यातले बरेचसे हल्ली माशांच्या टाकीकडे वळताना आम्ही शिक्षक मंडळी पाहतो. गप्पी, गोल्डफिश झाले की पोरांची नजर जाते ती लोच माशावर. नारिंगी अंगावर काळे पट्टे असलेला क्लाउन लोच दुकानात एकदा पाहिला की मुलं अब्बूंचा हात सोडत नाहीत. नागपूरहून मासा येतो, त्याच संध्याकाळी टाकीत सोडला जातो. आठ दिवसांनी त्याच्या अंगावर मिठाचे दाणे चिकटल्यासारखे ठिपके दिसतात. आणखी आठ दिवसांत जुने, दोन-दोन वर्षांचे मासेही पोट वर करून तरंगतात. मग घरात बोललं जातं, 'आमच्याकडे मासे टिकतच नाहीत.' कुणी म्हणतं नजर लागली. नजर-बिजर काही नाही. आजार पिशवीतून आलेला असतो आणि तो दारातच अडवता येतो.

लोच हा तळाशी राहणारा मासा. तोंडाभोवती बारीक मिशा, त्यांनी तो वाळू चाचपत खाणं शोधतो. दिवसा फटीत लपून बसतो, अंधार पडला की फिरतो. खवले इतके बारीक की अंग गुळगुळीत लागतं, म्हणूनच औषधं त्याला लवकर बाधतात. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. कधी कधी तो कुशीवर आडवा पडून झोपतो. मेला समजून लहान मुलं किंचाळतात, पण ती त्याची सवयच आहे.

कोणता लोच घ्यायचा, हे दुकानात जाण्याआधी घरीच ठरवा. क्लाउन लोच मूळचा इंडोनेशियातल्या सुमात्रा आणि बोर्निओ बेटांवरच्या नद्यांतला. दुकानात तो दोन इंचांचा असतो, पण पुढे फूटभर वाढू शकतो आणि वीस वर्षांहून जास्त जगू शकतो. शिवाय एकटा राहत नाही, त्याला आपल्यासारखे पाच-सहा सोबती लागतात. दोन फुटांच्या टाकीत हे बसणार कसं? दुकानदार हे स्वतःहून सांगेलच असं नाही. लहान टाकीसाठी कुहली लोच बरा, बोटभर लांबीचा आणि गांडुळासारखा बारीक.

झेब्रा लोच नावाचा तिसराही दुकानात दिसतो. तो आपल्याच मातीतला. १९२० मध्ये सी. आर. नारायण राव यांनी शास्त्रात त्याची नोंद केली. पश्चिम घाटातल्या, महाराष्ट्र-कर्नाटकातल्या नद्यांपलीकडे तो जगात कुठे आढळत नाही. आज जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो धोक्यातली जात म्हणून आहे. नद्यांची बिघडलेली अवस्था आणि शोभेच्या माशांसाठी होणारी पकड, दोन्ही त्याला कारण आहेत. दुकानदाराला विचारा, हा पाळून वाढवलेला की नदीतून धरलेला? उत्तर टाळलं तर आमचं मत स्पष्ट आहे, तो घेऊ नका.

दुकानात घाई नको. मासा बाजूने पाहा. पोट भरलेलं हवं. डोक्यामागे पाठ खोलगट होऊन सुरीच्या धारेसारखी दिसत असेल तर तो कित्येक दिवसांचा उपाशी आहे किंवा पोटात जंत आहेत. पर मिटलेले, कल्ले भराभर हलणारे, दगडावर अंग घासणारे मासे नकोत. त्या टाकीत एकही मेलेला मासा दिसला तर तिथला कुठलाच घेऊ नका, वरचे रंग कितीही छान असोत. बऱ्याच दुकानांत अनेक टाक्यांचं पाणी एकाच फिल्टरमधून फिरतं, म्हणून शेजारच्या टाक्यांवरही नजर टाका. माल कधी आला हे विचारा. कालच आलेला मासा आज घ्यायचा नसतो, आठवडाभर तिथेच जगू द्या. आणि समोर खाणं टाकायला सांगा. नाराज होणारा दुकानदार असेल तर नमस्कार करून निघा.

नागपूर ते भंडारा साधारण साठ किलोमीटर. पट्टेदार लोचच्या डोळ्याखाली एक बारीक काटा असतो, घाबरला की तो उभा करतो. या काट्याने पिशवी फाटते, जाळीतही मासा अडकतो. म्हणून एकात एक दोन पिशव्या मागा. थर्मोकोलच्या डब्यात नाहीतर निदान जाड वर्तमानपत्रात गुंडाळून आणा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळीसवर जातो. त्या दिवसांत पहाटेची गाडी धरा, दुचाकीच्या हँडलला पिशवी लटकवून दुपारी तर मुळीच नको.

आता मुख्य गोष्ट. क्वारंटाईन हा शब्द कोरोनाने प्रत्येक घराला शिकवला, पण तो जुना आहे. प्लेगच्या काळात व्हेनिस बंदरात जहाजं चाळीस दिवस बाहेर थांबवत. इटालियन भाषेत चाळीसला 'क्वारांता' म्हणतात, त्यावरून हे नाव. आपल्या घरांत बाळंतिणीचा चिल्ला असतो, तोही चाळीस दिवसांचा. तेव्हा अम्मी-खालांना ही कल्पना समजावायची गरज नाही. माशासाठी चार आठवडे पुरतात, चाळीस दिवस ठेवलंत तर उत्तमच.

वेगळी टाकी महागडी लागत नाही. चाळीस-पन्नास लिटरचा नवा प्लास्टिक टब चालतो, फक्त त्याला साबण लागलेला नसावा. आत रेती नको, म्हणजे घाण आणि उरलेलं खाणं दिसतं. लपायला प्लंबिंगच्या पाइपाचे दोन-तीन तुकडे टाका. लपायला जागा नसली की लोच भीतीनेच आजारी पडतो. वर झाकण हवंच, हा मासा उडी मारतो. खरी अडचण फिल्टरची. नवाकोरा स्पंज फिल्टर लावला तर माशाच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया खाणारे जिवाणू त्यात नसतात, आणि मासा आजाराने नव्हे तर अमोनियाने मरतो. उपाय सोपा आहे. मासा आणायच्या महिनाभर आधीच तो स्पंज मोठ्या टाकीत चालू ठेवा, मग उचलून इकडे लावा. नळाचं पाणी हवेचा पंप लावून दिवसभर ठेवलं की क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर दुकानात मिळणारे क्लोरीन काढायचे थेंब वापरा.

बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा. मग उघडून थोडं थोडं पाणी मिसळा, मासा जाळीने घ्या, पिशवीतलं पाणी मोरीत ओता. पहिला दिवस दिवा बंद, खाणंही बंद. नंतर रात्री तळाशी बसणारं थोडंसं खाणं द्या आणि एक दिवसाआड चौथाई पाणी बदला. या टबाची जाळी, नळी, बादली वेगळी असावी. आधी मोठ्या टाकीचं काम उरका, मग इकडचं, आणि हात धुवा. उलट क्रमाने केलंत तर ओल्या हातानेच आजार पलीकडे जाईल.

चारच आठवडे का, हे त्या पांढऱ्या ठिपक्यांमुळे. हा एक सूक्ष्म परजीवी आहे. तो माशाच्या कातडीखाली शिरून पोसतो, तिथे त्याला औषध पोचत नाही. पोसला की गळून तळाशी पडतो, फुटतो आणि त्यातून शेकडो पिल्लं निघतात. ती पोहत नवा मासा शोधतात. औषध मारतं ते फक्त या पोहणाऱ्यांना, म्हणून ठिपके गेले की लगेच औषध थांबवायचं नसतं. आता भंडाऱ्याची गोष्ट पाहा. सव्वीस-सत्तावीस अंशांच्या पाण्यात हा सारा फेरा काही दिवसांत पुरा होतो. डिसेंबर-जानेवारीत हीटर नसेल तर तोच फेरा आठवड्यांवर लांबतो. दहा दिवस मासा स्वच्छ दिसतो, आपण खुशीत त्याला मोठ्या टाकीत सोडतो, आणि आजार तिथे उघडा पडतो. म्हणून हिवाळ्यात हीटरशिवाय केलेलं क्वारंटाईन म्हणजे स्वतःची समजूत घालणं.

ठिपके दिसलेच तर पाणी हळूहळू, काही तासांना एक अंश असं, तीस अंशांपर्यंत न्या आणि पंप जोरात ठेवा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो. शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर हे चालू द्या. औषध वापरायचंच तर बाटलीवर लोचसाठी वेगळं प्रमाण दिलंय का ते वाचा. बहुधा अर्धं प्रमाण सांगितलेलं असतं. तांब्याची औषधं टाळा. मे महिन्यात उलटी अडचण असते, पाणी आपसूकच तापतं. तेव्हा हीटर बंद आणि पाण्यावर पंखा. निरोगी माशाला 'असू दे म्हणून' औषध पाजणं आम्हाला पटत नाही. रोज पाच मिनिटं नीट पाहणं जास्त कामाचं.

दुसरा आजार गुपचूप येतो. मासा रोज खातो तरी वाळत जातो. पोटात जंत असतात. यावर लिव्हामिसॉल हे गुरांच्या जंतांवरचं औषध चालतं, पण मात्रा अंदाजाने घालू नका, पशुवैद्यकाला विचारा. नागपुरात माफसू विद्यापीठाचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथेही विचारता येईल.

आणि कंटाळा आला, मासा मोठा झाला, तर त्याला खांब तलावात किंवा गावच्या मामा तलावात 'आझाद' करायचं नाही, बरं का. सवाब मिळेल या भोळ्या भावनेने काहीजण करतात. उजनी धरणात शोभेच्या टाकीतला सकरमासा असाच पसरला आणि मच्छीमारांची जाळी फाडू लागला. आपल्या तलावांवर ढीवर बांधवांची चूल पेटते. नको असलेला मासा दुकानदाराला परत द्या किंवा पाळणाऱ्या दुसऱ्या घराला. टबाचं पाणीही तलावात किंवा नाल्यात नको. औषध घातलेलं नसेल तर ते अंगणातल्या झाडांना घाला, मोगरा त्यावर छान फुलतो.